खाल्लेलं अक्षर

“काय आणलं व पोरी, एवढं पोटाशी धरून?”

काळमेघकाका पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते आणि मी जिन्याच्या पायथ्याशीच पकडले गेले. एका खांद्यावर गिटार, दुसऱ्यावर ऑफिसची पर्स, हातात खोकं. गुपचूप वर न्यायचं असा बेत होता. पण अमरावतीच्या त्या घरात वरच्या खोलीचा जिना थेट काकांच्या नाकासमोरून जायचा, त्यामुळे माझं काहीच कधी गुपचूप झालं नाही.

“अँप्लिफायर आहे, काका. गिटारचा.”

“उघड बरं.”

उघडलं. काळ्या रेक्झिनचा, वर प्लॅस्टिकची मूठ, तीन बटणं आणि एक लाल दिवा. काकांनी तो एका बोटावर उचलला आणि मागून-पुढून पाहिला.

“याचा स्पीकर कुठी हाय?”

“तोच तो, जाळीमागचा.”

“हा? हा तर बशीएवढा हाय.” काकांनी आत वळून हाक मारली. “मंदा, बाहेर ये, पाह्य हिनं काय आणलं. पोळ्यायचा डबा हाय. चांगल्या गरम राहतीन.”

मंदाकाकू हाताला लागलेली कणीक चोळत बाहेर आल्या. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या उतरलेल्या तोंडाकडे.

“हसू नका तिच्यावर. तुमचा मोठा अँप, तो राक्षस, कोणत्या कामाचा राहिला? टीव्ही ठेवायच्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आवाज किती करते हे?”

“हेडफोन लावला की अजिबात नाही, काकू.”

“मग लई चांगलं हाय. दुपारी मले झोपू देईन.”

झालं, डब्याला घरात प्रवेश मिळाला आणि नावही मिळालं. पुढे मीसुद्धा त्याला डबाच म्हणायला लागले.

मी तेव्हा चौतिशीत होते. साताऱ्याहून बदली होऊन अमरावतीला विमा कंपनीत आले होते, गावात ओळखीचं कुणी नव्हतं आणि रविवार अंगावर यायचा. त्या भरात गिटार शिकायचं खूळ डोक्यात शिरलं. दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त अँप मी घेतला, कारण हे खूळ किती दिवस टिकेल याची मलाच खात्री नव्हती. पण एक सांगते, त्या डब्यावर माझा जीव जडला. अमरावतीत रोज लाइट जायची, तरी तो बॅटरीवर बिनबोभाट चालायचा. आवाज जरा वाढवला की फाटायचा. पण हळू ठेवला तर प्रत्येक तार स्वच्छ ऐकू यायची. माझ्या चुकासुद्धा अगदी स्वच्छ ऐकू यायच्या.

काकांची गोष्ट वेगळी होती. गुणवंतराव काळमेघ हे विदर्भातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये एके काळचं मोठं नाव. ते हवायन गिटार वाजवत, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात स्टीलची कांडी धरून ती तारांवरून सरकवत. सगळी भावगीतं, सिनेमाची गाणी त्यांच्या हातात होती. त्या गिटारला पोकळ पोट नसतं, त्यामुळे अँपशिवाय ती मुकीच. काकांचा अँप लोखंडी पेटीएवढा होता. तो हॉलमध्ये असायचा, त्याच्यावर काकूंनी विणलेला रुमाल आणि रुमालावर टीव्ही. काका वाजवायला लागले की तो घुमायचा आणि टीव्ही बारीक थरथरायचा.

त्यांच्या वाजवण्याची एक रीत होती. ते नुसती चाल वाजवत नसत, शब्द वाजवत. गाण्यात जितकी अक्षरं तितके तारेवर आघात; कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, सगळं जिथल्या तिथे. वाजवताना ओठ हलत राहायचे. “गाणं कोणीबी वाजवते,” ते मला म्हणायचे, “लोकायले शब्द ऐकू आले पायजे. नाहीतर बेंडवाल्यात न् माह्यात फरक काय?”

आणि या बाबतीत त्यांची परीक्षक घरातच होती. काकू तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. बघायच्यासुद्धा नाहीत त्यांच्याकडे. पण एखादा आघात सुटला की तांदळातून मान वर न करता म्हणायच्या, “अक्षर खाल्लं.” काका कुरकुरायचे, तरी ती ओळ पुन्हा वाजवायचे. संसाराची चाळीस वर्षं काकूंनी त्यांचं एक अक्षर सोडलं नव्हतं. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमातसुद्धा त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि काकांना टाळ्यांपेक्षा अक्षर खाल्लं की हलणाऱ्या त्यांच्या मानेची धास्ती असायची.

दुपारी चारच्या सुमारास अजून एक प्रकार चालायचा. काकांना चहा हवा असला की ते तोंडानं मागत नसत. गिटारवर वाजवायचे: मं-दा, च-हा ठे-व. सहा आघात, शेवटचा जरा खाली उतरणारा. स्वयंपाकघरातून त्याच चालीत उत्तर यायचं, “ठेवला, ठेवला. किती वाजवता बाप्पा.” वर माझ्या खोलीत मला ते ऐकू यायचं आणि मीही गॅस पेटवायची. परक्या गावात मला घर वाटायला लागलं ते त्या सहा सुरांमुळे, हे मी आजही मानते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, एका रविवारी, काकांनी ते सहा सूर वाजवले आणि उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. मग कांडी खाली पडल्याचा आवाज आला आणि काकांनी जिन्याकडे तोंड करून मला हाक मारली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

काकू ओट्याखाली पडल्या होत्या. चहाचं पातेलं गॅसवर होतं, पाण्याला आधण आलं होतं.

लकवा होता. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. नागपूरहून लेक आली, महिनाभर राहिली आणि तिच्या मुलांच्या परीक्षांसाठी परत गेली. स्पीच थेरपी देणारी एक गुणी मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. तिनं आम्हाला समजावून सांगितलं, “त्यांना सगळं कळतंय. तुमचं बोलणं, टीव्ही, सगळं. फक्त शब्द बाहेर यायची वाट बंद झालीय. सरावानं उघडू शकते.”

सुरुवातीला काकूंनी प्रयत्न केला. मुलीनं पेल्याचं चित्र दाखवलं. काकूंनी ‘पाणी’ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “तत. तत.” त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळे फार प्रेमानं हसत होतो, आणि तिथेच आमचं चुकलं. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याचं अक्षर मोजलं, तिला आपल्या तोंडून असलं काही निघालेलं सहन होणार नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी तोंडच मिटून घेतलं. चित्रं समोर धरली की भिंतीकडे वळायच्या.

“त्यांनी स्वतःहून आवाज काढला पाहिजे,” ती मुलगी पोर्चमध्ये हळूच म्हणाली. “आत्ताचे महिने महत्त्वाचे असतात. असंच गप्प राहिल्या तर मग कठीण होत जाईल.”

काकांनी मान हलवली. गिटार कपाटावर ठेवून दिली होती, ती त्यांनी त्या संध्याकाळी खाली काढली. मोठा अँप सुरू केला. त्याची घरघर सुरू झाली मात्र, काकूंनी डाव्या हातानं कान दाबून धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आजारानंतर त्यांना मोठा आवाज सोसत नव्हता. काकांनी बटण बंद केलं आणि टीव्हीखालचा रुमाल उगीच नीट करत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. काकांचे गुडघे गेलेले, ते वर कधी येत नसत. दाराशी येऊन ते दम खात थांबले.

“विदुला, तुहा तो डबा देशील काय?”

मी लगेच उचलून आणला. त्यांनी बटण फिरवून पाहिलं, तार छेडून पाहिली, पुन्हा बटण मागे नेलं.

“एवढुसाच आवाज निघते काय याच्यातून?”

“एवढुसाच निघतो, काका.”

“तेच पायजे.”

मी डबा काकूंच्या उशाजवळ स्टुलावर ठेवला. काका पलंगाशेजारी बसून वाजवायला लागले. खोलीच्या बाहेरसुद्धा जाणार नाही इतका हळू सूर, पण काय सूर होता तो! माझ्याच डब्यातून तसं काही निघू शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी दाराला टेकून उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

असे बरेच दिवस गेले. काका रोज दुपारी वाजवत, त्यांची जुनी नावाजलेली गाणी, काकूंच्या आवडीची, एकाहून एक. काकूंची पाठ वळलेली. चहाचा तो तुकडा मात्र त्यांनी एकदाही वाजवला नाही, आणि का नाही हे मला विचारावं लागलं नाही.

मग काहीतरी बिघडलं. एका दुपारी त्यांनी एका ओळीत एक आघात सोडला. मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही. पुढच्या ओळीत दुसरा सोडला. दुसऱ्या दिवशी आणखी. ज्यांच्या हातून कधी कानामात्रा निसटली नाही, ते काका तुटलेल्या दातांच्या फणीसारखं वाजवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवायची, म्हणजे मी ऐकते आहे असं त्यांना वाटू नये.

त्याच आठवड्यात बाबाराव गावंडे काकूंना बघायला आले. काकांच्या ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे ते. संत्री घेऊन आले, काकूंच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “गुणवंता, वाजव काहीतरी. वयनीले बरं वाटीन.”

मी मनात म्हटलं, नको. पण काकांनी गिटार घेतली. गाणं त्यांचंच गाजलेलं होतं. ज्याच्यावर एके काळी अकोल्यात लोकांनी त्यांना दोनदा परत बोलावलं होतं ते. पहिल्याच ओळीत एक अक्षर गेलं. दुसऱ्या ओळीत दोन. बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“राहू दे, गुणवंता,” ते शेवटी म्हणाले. “आज राहू दे.”

“काहून? ऐक ना,” काका म्हणाले आणि तीच ओळ पुन्हा तशीच वाजवली. काकूंच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर आवळली गेली, एवढं मला दिसलं. मला वाटलं, त्यांनाही लाज वाटली.

पोर्चमध्ये चपला घालताना बाबाराव मला म्हणाले, “हात गेला याचा. बायकोसंगं याचाबी आवाज गेला म्हणायचा.” काका मागे उभे होते. त्यांनी ते ऐकलं. बाबाराव ओशाळले. काका हसले आणि म्हणाले, “वय झालं, बाबा. व्हायचंच.” मग त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. मला त्या क्षणी काकांचा इतका कळवळा आला की मी तोंड फिरवून घेतलं. एवढ्या मोठ्या कलावंतानं सोबत्यासमोर असं लहान व्हावं, हे मला बघवत नव्हतं.

पुढच्या रविवारी चहा मी केला. तिघांचे कप घेऊन खोलीत गेले. लाइट गेली होती, पंखा बंद, पण डब्यावरचा लाल दिवा चालू होता. काकांनी कपाकडे पाहिलं, मग काकूंच्या पाठीकडे. कांडी उचलली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी ते वाजवलं.

मं-दा, च-हा ठे—

आणि थांबले. शेवटचा आघात केलाच नाही.

खोलीत ती ओळ अर्धवट लटकत राहिली. कप माझ्या हातात तसेच होते. काकांनी पुन्हा वाजवलं. मं-दा, च-हा ठे—

काकूंच्या हातानं पलंगावर एक चापट मारली.

काकांनी वर पाहिलं नाही. पुन्हा तेच. तिथेच तोडलं. आता काकू वळल्या. डाव्या कोपरावर जोर देत, अख्खं अंग ओढत त्या भिंतीकडून आमच्याकडे वळल्या आणि त्यांनी काकांकडे जे पाहिलं, ते पाहून मी दोन पावलं मागे सरले. आजारानंतर त्या डोळ्यांत पहिल्यांदा राग होता. धडधाकट, जुना राग.

काकांनी शांतपणे पुन्हा सुरुवात केली. मं-दा, च-हा ठे—

“व.”

बारीक, खरखरीत, पण नेमक्या सुरावर. शेवटचा, जरा खाली उतरणारा.

काकांची मान खालीच होती. त्यांनी पुन्हा वाजवलं, आणि या वेळी दोन अक्षरं खाल्ली. मं-दा, च-हा—

“ठे... व.” आणि लगेच, चिडून, “ठेव. ठेव. ठे-व.”

कांडी काकांच्या हातातून निसटून गिटारवर पडली आणि डब्यातून मोठा खरखराट झाला. काकूंनी कान झाकला नाही. त्या काकांकडेच बघत होत्या. काकांनी दोन्ही हातांनी त्यांचा डावा हात धरला आणि कपाळाला लावला. काका रडत होते, मीही रडत होते, आणि काकू अजून रागावलेल्याच होत्या.

नंतर पोर्चमध्ये गार झालेला चहा पिताना मी विचारलं, “म्हणजे इतके दिवस तुम्ही मुद्दाम चुकवत होता?”

“मग काय करू? चांगलं वाजवून पाह्यलं, तिनं तोंड फिरवलं. गोड केलेलं तिनं कधी मनावर घेतलं नाही, पोरी. खाल्लेलं अक्षर मात्र जन्मात सोडलं नाही. मी म्हटलं, किती दिवस गिळून घेते पाहू.”

“पण बाबारावांना तरी सांगायचं होतं. मला सांगायचं.”

“तुमाले सांगतलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. अन् तिले समजते सगळं. मुद्दाम चुकवून राह्यलो असा वास जरी लागला असता ना, तर तिनं तोंड उघडलं नसतं.” त्यांनी कप खाली ठेवला. “तिले माहा हात खरंच गेला असं वाटाले पायजे होतं. बाबाले वाटलं म्हणून तिले वाटलं.”

मी आयुष्यात चांगले वादक पुष्कळ ऐकले. पण चाळीस वर्षं कमावलेलं नाव एका डब्यासमोर बसून, रोज थोडं थोडं, कुणाला न सांगता असं उधळून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढची वाट काही सोपी नव्हती. थेरपीवाल्या मुलीला आम्ही सांगितलं तेव्हा ती आनंदली; म्हणाली, काही जणांचे शब्द असे चालीवर बसून बाहेर येतात, आता आपण तशाच ओळी रचू. काका अन् ती मिळून ओळी रचू लागले. पाणी दे. पंखा लाव. भाजी खारट झाली. प्रत्येकीला काकांनी चाल लावली आणि डब्यावर वाजवली. काकू आधी शेवटचं अक्षर भरायच्या, मग शेवटचा शब्द, मग अख्खी ओळ. बाबाराव पुन्हा आले तेव्हा काकूंनी त्यांना चालीत ‘ब-सा’ म्हटलं आणि बाबाराव खरोखरच मटकन बसले. मग काकांनी त्यांना ते गाजलेलं गाणं वाजवून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी अक्षरं जागच्या जागी. बाबारावांनी उठून काकांचे हात हातात घेतले.

दीड वर्षानं माझी बदली झाली. टेम्पो गेटशी उभा होता, सामान चढलं होतं, आणि डबा अजून खालीच होता. निरोप घ्यायला गेले तर काकांनी तो ओल्या फडक्यानं पुसून, नवी बॅटरी घालून, वायर गुंडाळून टेबलावर ठेवला होता.

“घे. तुहा हाय. उपकार झाले याचे.”

मला तो न्यायचा नव्हता. पण “राहू द्या तुमच्याकडे” म्हटलं असतं तर काका ऐकणारे नव्हते. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी मुठीला हात घातला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आणखी एक हात मुठीवर आला. काकूंचा, डावा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि त्या चहाच्या चालीत म्हणाल्या, “विद्ला, डबा ठेव.”

चाल सहा सुरांची होती आणि माझ्या नावात एक अक्षर जास्त होतं.

“अक्षर खाल्लं, मंदा,” काका खुर्चीतून म्हणाले. त्यांनी मानही वर केली नाही.

काकूंनी त्यांच्याकडे वळून एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या, आणि चालीत एक सूर पदरचा घालून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, “वि-दु-ला, ड-बा ठे-व.”

मी मुठीवरचा हात काढला.

“ठेवला, काकू,” मी म्हटलं. “ठेवला.”